शिवी मऊ झालीय की नाही, हे कसं तपासायचं

सकाळी सहा-साडेसहाला मालवणच्या दांडी किनाऱ्यावर रापण, म्हणजे काठावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत असतील तेव्हा जरा बाजूला उभं राहून ऐका. दोन्ही दोरांवर माणसं लागलेली असतात, पोरं, म्हातारे, बाया सगळेच, आणि कुणाचा तरी पाय वाळूत सरकतो नि दोर सैल पडतो, की लगेच मागून आवाज येतो, "मेल्या, धर मरे!" तो धरतो, परत ओढायला लागतो, कोणी वळूनसुद्धा बघत नाही. आता 'मेल्या' म्हणजे काय तर मेलेला. ज्या वस्तीत पावसाळ्यातला एक दिवस चुकला तर होडी परत येत नाही तिथे जिवंत माणसाला मेलेला म्हणणं म्हणजे साधी गोष्ट नव्हती कधी, पण आज ती नुसती हाक आहे, आणि बऱ्याचदा प्रेमाची. "काय रे मेल्या, कधी इलंस?" हे ऐकलं की मुंबईहून आलेल्या माणसाला घरी पोचल्यासारखं वाटतं.

मी गावच्या जत्रेतल्या हौशी नाटकांसाठी मालवणी संवाद लिहितो, वीसेक वर्षं झाली, आणि अलीकडे रील करणारी पोरं पण येतात. सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, "ह्यो शब्द चलात काय?" म्हणजे घरातल्या सगळ्यांसमोर म्हटला तर चालेल का, की कोणी उठून जाईल. माझ्याकडे ह्याची एक रीत तयार झालीय ती इथे लिहितो. ती हलक्या, मधल्या तिखटाच्या शब्दांसाठी आहे, आयला, च्यायला, साला, भेंडी, फाटली, घंटा, आयचा घो असल्या. ज्या शिव्या अजून पूर्ण तिखट आहेत त्या तपासायची गरजच नाही, त्या कानाला लगेच कळतात.

एक वही घ्या. फोनमध्ये नको, कारण फोन बाहेर काढला की समोरचा माणूस जपून बोलायला लागतो, आणि जपून बोललेल्या शब्दाचा आपल्याला काही उपयोग नाही. वहीत प्रत्येक शब्दाला एक पान, पानावर चार रकाने: कोण बोललं, कोणाला, कुठे, आणि पुढे काय झालं. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आणि लोक तोच भरत नाहीत. शब्द काय होता हे सगळ्यांना आठवतं, पण त्यानंतर कोणी हसलं, कोणी गप्प झालं, कोणी विषय बदलला, कोणी पोरांना आत पाठवलं, हे दुसऱ्या दिवशी आठवत नाही, म्हणून त्याच संध्याकाळी लिहायचं. माझी एक जुनी नोंद अशी आहे: "मेल्या. बाप, मुलाला. दांडीवर, दोर सुटला तेव्हा. काही नाही, मुलाने दोर धरला." हे 'काही नाही' तीस-चाळीस वेळा जमलं की समजायचं की शब्द मऊ झाला.

मग शब्द पूर्ण लिहून काढा. आपण रोज जे बोलतो ते बहुतेक वेळा मूळ वाक्याचा तुटका शेपूट असतो. 'च्यायला' घ्या. ह्यातला 'च्या' कुठून आला? 'तुझ्या आयला' पासून आला असता तर 'ज्यायला' किंवा 'तुझ्यायला' झालं असतं, आणि ते दोन्ही शब्द बोलतातच लोक, आणि ते अजून थोडे टोचतात. 'च्यायला' मधला 'च्या' हा 'त्याच्या' किंवा 'ह्याच्या' चा उरलेला तुकडा आहे. म्हणजे बघा, शिवी आधी समोरच्यावरून उचलून कुठल्यातरी तिसऱ्यावर नेली, तुझी आई नाही, त्याची आई, मग तो 'त्या' पण गळला, आणि आता नुसता षष्ठीचा प्रत्यय हवेत लटकतोय, कोणाच्या आईला ते कोणालाच माहीत नाही. शिवाय क्रियापद तर सगळ्यात आधी गेलेलं. आईला काय, ते वाक्यात नाहीच, आणि खरा घाव त्या क्रियापदात होता. पुढे 'च्या' पण पडला नि राहिलं 'आयला', मग 'ऐला'. दर पायरीला एक दात पडलाय. हे असं वहीत एकाखाली एक लिहिलं की डोळ्यांना दिसतं शब्द कुठपर्यंत आलाय, आणि जुन्या पायरीवरचा शब्द अजून कोणी बोलत असेल तर तो त्या मानाने तिखट लागतो हेही लक्षात येतं. 'आयला' म्हणणाऱ्या माणसाला 'तुझ्यायला' म्हटलं तर तो मान वर करून बघतो. एकच शिवी, पण दोन वेगळ्या पायऱ्या.

आपल्याकडचा 'आवशीचो घो', म्हणजेच 'आयचा घो', मात्र न तुटता मऊ झाला, त्याचं कारण वेगळं आहे. आवस म्हणजे आई. 'घो' म्हणजे घोव, नवरा. आवशीचा नवरा म्हणजे बापूसच की, अक्षरशः बघितलं तर ह्यात वाईट काहीच नाही. घाव होता तो सुचवण्यात, की तो नवरा नक्की कोण. आता ही शिवी घाटावर गेली, मुंबईत गेली, तिथे 'घो' हा शब्द कोणाला कळेना, मग तिचा अर्थच सुटला नि राहिला फक्त ठसका. कानाला छान वाटतो म्हणून लोक म्हणायला लागले, 'परीक्षेच्या आयचा घो', 'पावसाच्या आयचा घो'. २०१० साली एका मराठी सिनेमाच्या नावात हे शब्द आले, तेव्हा आक्षेप घेणारे लोक होते, आणि दुसरीकडे तेच नाव घरातल्या पोरांसोबत तिकीट काढून बघणारे पण होते. एकाच वेळी दोन्ही बाजूंना माणसं असतात तेव्हा समजायचं की शब्द मधल्या वाटेवर आहे. बोलीतला शब्द बोलीच्या बाहेर गेला की लवकर मऊ होतो, पण परत घरी आला की घरच्यांना तो जुन्याच अर्थाने लागतो. हे चाकरमान्यांच्या पोरांनी नीट लक्षात ठेवायला हवं, कारण ती मुंबईतून मऊ झालेला शब्द घेऊन येतात नि वाडीत आजीसमोर टाकतात, आणि आजीला 'घो' म्हणजे काय ते पक्कं ठाऊक असतं.

आता एक व्याकरणाची खूण सांगतो, मला स्वतःला ही फार आवडते. स्त्रीलिंगी क्रियापद दिसतंय पण वाक्यात स्त्रीलिंगी नाम नाही, असं वाक्य शोधा. "पेपर बघून माझी फाटली." काय फाटली? बोलणारी कॉलेजची मुलगी असते, समोर तिची आई असते, दोघींना काही वाटत नाही, पण ती 'ली' तिथे उभी आहेच. एक नाम होतं, स्त्रीलिंगी, शरीराच्या मागच्या भागाचं, ते लाजेने काढून टाकलं, पण जाताना ते आपलं लिंग क्रियापदावर सोडून गेलं. "त्याने माझी मारली" तसंच. "तुझी का जळते?" पण तेच. नाम गेलं म्हणून शब्द घरात यायला लागला आणि घरात यायला लागला म्हणून नवा अर्थ धरला, आता 'फाटली' म्हणजे घाबरलो, एवढंच, आणि दहा वर्षांच्या पोराला विचारा, तो सांगेल की भीतीने छाती फाटते म्हणून म्हणतात. त्याने स्वतःच्या मनाने नवं नाम बसवलंय! असं नवं नाम बसवलेलं सापडलं की ती जुना अर्थ गेल्याची पक्की खूण, वहीत लाल पेनाने लिहा. फक्त ही खूण आंधळेपणाने लावू नका. "त्याची जिरली" मध्येही नाम नाही, पण तिथे रग किंवा मस्ती होती, अश्लील काही नव्हतं. "वाट लागली" मध्ये तर वाट समोरच आहे.

ह्यानंतर बघायचं शब्द कोणावर रोखलाय. शिवीला माणूस लागतो. जिथे माणूसच नाही तिथे ती शिवी राहत नाही, म्हणून सोपी परीक्षा अशी की तो शब्द पावसाला म्हणून बघा. "साला पाऊस थांबेना." चाललं. "साला नेटवर्क नाही." चाललं. 'साला' म्हणजे बायकोचा भाऊ, मराठीत साळा, आणि परक्या माणसाला साला म्हणणं म्हणजे तुझी बहीण माझ्याकडे आहे असं म्हणणं, एवढी उघड शिवी होती ती. पावसाला कुठली बहीण? आता तो शब्द वाक्यात श्वास घेण्यापुरता येतो, जागा भरायला, जोर द्यायला. पण तोच 'साला' बोट दाखवून, थांबून, एकट्याने म्हणा, "ए साल्या", लगेच जुना घाव जागा होतो. म्हणून वहीत शब्दासोबत बोट कुठे होतं ते पण लिहायचं. मी लिहितो, बोट आकाशात, बोट स्वतःकडे, बोट समोर.

'आयला' ची कामं मोजायला मी एकदा एक आख्खा दिवस घालवला, आमच्याच घरात, चतुर्थीच्या आदल्या दिवशी, घर माणसांनी भरलेलं असताना. पुतण्या माटवी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळापानांची चौकट, बांधायला स्टुलावर चढला, वरून खाली बघितलं, "आयला!" म्हणजे उंच आहे. त्याच्या बहिणीने माटवीला कवंडळाची फळं नि आंब्याचे डहाळे लावून झाल्यावर लांबून बघितलं, "आयला…" म्हणजे सुंदर झालंय. दुपारी भाऊ बाजारातून आला, खिसे चाचपले, "आयला, कापूर राहिला." म्हणजे आठवलं. रात्री कोणाचा तरी फोन आला, गावातले एक म्हातारे गेले, आणि भाऊ एवढंच म्हणाला, "आयला," हळू, शेवटचा स्वर लांबवून, मग कोणीच काही बोललं नाही. तेव्हा त्या शब्दात दुःखाशिवाय काही नव्हतं. एक शब्द नि चार कामं, आणि चारही फक्त आवाजाच्या चढउताराने कळतात. असं झालं की शब्दात आई उरत नाही, शिवी पण उरत नाही, तो शब्द 'अरे' आणि 'अगो' च्या रांगेत जाऊन बसतो. नवा अर्थ ह्या वाटेनेच येतो, आधी शब्द रिकामा होतो नि मग त्या रिकाम्या भांड्यात लोक पाहिजे ते ओततात.

मुखवट्यांबद्दल जास्त लिहीत नाही, ते सगळ्यांना माहीत आहे. 'भेंडी' म्हणजे बहिणीवरच्या हिंदी शिवीचं पहिलं अक्षर नि पुढे भाजी, 'आईच्या गावात' म्हणजे अर्ध्या रस्त्यात वळवलेली शिवी, आणि 'बीसी' म्हणजे नुसती आद्याक्षरं. फक्त एवढं बघा की मुखवटा घातलेल्या माणसाला मुखवट्याच्या आत कोण आहे ते माहीत आहे का. पोराला माहीत नसेल तर त्याच्यासाठी तो मुखवटा नाही, तोच चेहरा आहे, त्याला रागावून उपयोग नाही. एकदा शांतपणे मूळ काय ते सांगा नि मग त्याचं त्याला ठरवू द्या.

कोशांशिवाय हे काम पुरं होत नाही. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, सुधारलेली आवृत्ती १८५७ ची, आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ पासून खंडाखंडाने निघाला. दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट बघता येतात, फोनवरून सुद्धा. दात्यांच्या कोशात शब्दापुढे कंसात लहान अक्षरं असतात, 'कु.' म्हणजे कुडाळी, 'गो.' म्हणजे गोमंतकी, 'राजा.' म्हणजे राजापुरी, आणि 'अशिष्ट', 'अश्लील', 'ग्राम्य' असे शिक्के पण. तेव्हा आपल्या मालवणीला कुडाळी म्हणायचे. हे शिक्के बघणं म्हणजे शब्दाचा जुना ताप मोजणं. तेव्हा अशिष्ट नि आज आजी पण म्हणते, म्हणजे ताप उतरला. तेव्हा साधा नि आज कानाला खटकतो, म्हणजे उलटं झालंय.

उलटं पण होतं, आणि त्याचं आपल्या किनाऱ्याला शोभेल असं उदाहरण आहे 'झक मारणे'. किती शिक्षकांनी किती पोरांना ह्यावरून ओरडलंय! संस्कृतात झष म्हणजे मासा, आणि हिंदीतल्या 'झख मारना' ची व्युत्पत्ती त्याच माशाकडे नेतात. मासे मारत बसणं म्हणजे घाटावरच्या माणसाला रिकामा उद्योग वाटला असेल, आमच्याकडे त्यावर घर चालतं. ह्यात अश्लील काही नव्हतंच, पण 'झ' ने सुरू होणारं दुसरं क्रियापद शेजारी बसलेलं, त्याचा वास लागला नि निष्पाप शब्द बदनाम झाला. गांडुळाचं पण तेच, ते संस्कृत गण्डूपद, पण विज्ञानाच्या तासाला वर्ग हसतोच. म्हणून कोणताही शब्द अश्लील ठरवण्याआधी कोश उघडा, दोन मिनिटं लागतात.

कधीकधी शब्द मऊ होतो कारण ज्याची भीती होती तेच डोळ्यांसमोरून गेलं. "फटकी येवंदे तुका" ही आपल्याकडची जुनी तळतळाट. फटकी म्हणजे पटकी, कॉलरा. ज्यांनी पटकीत दोन दिवसांत अर्धं घर गेलेलं बघितलं त्यांच्यासाठी हा शब्द म्हणजे प्रत्यक्ष मरण होतं. आज पोरं एकमेकांना चिडवताना म्हणतात, क्रिकेटमध्ये कॅच सुटला म्हणून. त्यांना तो रोग आहे हेच माहीत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, माणसांना विचारणं. मी आधी तीन वयांना विचारायचो, आजीच्या वयाच्या, माझ्या वयाच्या, आणि शाळेतल्या. तिघांना पण शब्द मऊ लागला की 'चलात' असं लिहायचो. ही रीत अपुरी आहे हे मला ज्या दिवशी कळलं तो दिवस सांगतो, कारण ह्या सगळ्या लिखाणाचं मूळ तिथे आहे.

चुलतभाऊ चार वर्षांनी गावी आला होता. खळ्यात, म्हणजे अंगणात, पाऊल टाकलं नि मी धावत जाऊन त्याला मिठी मारली, म्हटलं, "रांडेच्या, खंय होतंस इतकी वर्सां?" तो हसला, माझ्या पाठीत बुक्का मारला, सगळे हसले. 'रांडेच्या' हा शब्द माझ्या वहीत कधीचा 'चलात' होता, तिन्ही वयांनी पास केलेला, दोस्तांमध्ये तर तो 'बाबा रे' इतकाच. काकी ओटीवर आडाळ्यावर, म्हणजे खवणीच्या विळीवर, बसून नारळ खवत होती. तिने हातातली नारळाची कवड तशीच परातीत ठेवली, उठली नि आत गेली. आडाळा तसाच राहिला, खोबरं अर्धं. बाकी कोणाच्या लक्षात पण आलं नाही.

संध्याकाळी मी तिच्या बाजूला जाऊन बसलो. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "तुझो काका गेलो, तेराव्याच्या आदी माका ह्या नावान हाक मारल्यानी. म्हायती आसा तुका?" मला माहीत नव्हतं. ती तेव्हा सव्वीस वर्षांची होती.

आणि मला कोशातला अर्थ पाठ होता हो! संस्कृत रण्डा, विधवा. रंडकी, रांडमुंड, हे सगळं त्याच कुळातलं, नवरा गेलेल्या बाईसाठी वापरलेलं, आणि त्यातूनच पुढे वेश्येसाठी नि मग सगळ्या बायकांसाठी शिवी झाली. 'रांडेच्या' म्हणजे विधवेच्या पोरा, ज्याला बाप नसताना जन्म झाला असं सुचवणं. हे सगळं माझ्या वहीच्या त्या पानावर माझ्याच अक्षरात होतं, पण घरात एक विधवा बाई वीस वर्षं वावरतेय नि तिला विचारावं हे मला सुचलं नव्हतं. बोलणाऱ्याच्या तोंडात शब्द सगळ्यात आधी मऊ होतो. ऐकणाऱ्याच्या कानात त्यानंतर. आणि ज्याच्या अंगावरून तो शब्द बनला त्याच्यासाठी सगळ्यात शेवटी, किंवा होतच नाही.

म्हणून तेव्हापासून वहीत पाचवा रकाना आहे: शब्द मुळात कोणाचा. विधवेचा, बायकोच्या भावाचा, आईचा, रोग्याचा, नोकराचा, वेड्याचा. आणि विचारायचं त्या माणसाला. थेट "तुला हा शब्द लागतो का" असं विचारू नका, कोणीही लाजेने "नाय गो, माका काय" म्हणेल. शब्द त्यांच्यासमोर बोलला गेला तेव्हा हात थांबले का ते बघायचं. काकीचे हात थांबले होते.

जागा बदलून पण बघायला लागतं. शब्द जेट्टीवर मऊ असतो, कारण तिथे इंजिनाच्या आवाजात नि लिलावाच्या घाईत नरम शब्द ऐकूच जात नाही, तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, खलाशाला जे म्हणतो ते काठावर उतरल्यावर त्याच्या बायकोसमोर म्हणणार नाही. 'माल इलो काय' मधला माल लिलावात मासळीच असते, तोच शब्द बसस्टँडवर मुलीकडे बघून म्हटला की घाण. आणि जो माणूस देवळात बारा पाच मानकऱ्यांसमोर उभा राहून गाऱ्हाणं घालतो, 'होय महाराजा' म्हणवून घेतो, त्याच्याच तोंडी बाहेर आल्यावर 'भडव्या' असतं, आणि त्याला स्वतःला ह्यात विसंगत काही वाटत नाही, कारण दोन जागा म्हणजे दोन जिभा.

शिमग्याच्या नोंदी वेगळ्या ठेवा, पानाच्या कोपऱ्यात 'शि' लिहा नि मोजणीत धरू नका. होळीभोवती तोंडावर हात मारून बोंब ठोकतात, रोंबाटात, म्हणजे शिमग्याच्या मिरवणुकीत, जे ओरडतात, त्याला देवाची परवानगी असते. त्या दिवसांत शब्द मऊ नसतो, तो तिखटच असतो आणि मुद्दाम तिखट हवा असतो, वर्षभराचं साचलेलं बाहेर काढायला. शिमगा संपला तरी कवित्व उरतं म्हणतात ते खरं, पण बहुतेक शब्द परत ठेवून दिले जातात. शिमग्यात ऐकलं म्हणून चैत्रात वापरलं, अशी चूक नवीन लिहिणारी पोरं हमखास करतात.

रंगमंच मात्र खरोखर शब्द मऊ करतो. गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' १९८० मध्ये आलं, मच्छिंद्र कांबळींनी ते गाजवलं, त्याचे हजारो प्रयोग झाले, आणि मालवणी बोली तिच्या सगळ्या ठसक्यासकट मुंबईच्या नाट्यगृहांत पोचली. ज्या शब्दांवर घरी मार मिळायचा त्यांवर आईबाप शेजारी बसून हसले, एकदा नाही, वर्षानुवर्षं. एका अंधाऱ्या हॉलमध्ये हजार माणसं एकत्र हसली की शब्दातला लाजेचा भाग वाटला जातो, प्रत्येकाच्या वाट्याला थोडा येतो. घरी परतल्यावर तोच शब्द पूर्वीइतका जड राहत नाही. हे मी स्वतः आमच्या जत्रेतल्या छोट्या नाटकांत बघितलंय, पहिल्या वर्षी ज्या वाक्याला बायकांनी पदर तोंडाला लावला, तिसऱ्या वर्षी त्याच वाक्याची त्या आधीपासून वाट बघत होत्या.

ही सगळी रीत जातीच्या नावाच्या शिव्यांना लावायची नाही. त्या कितीही वेळा बोलल्या, कितीही हसून बोलल्या, तरी मऊ होत नाहीत, कारण ज्याच्यावर ती पडते त्याच्या दाराशी तो घाव रोज नवा होतो. तपासत बसू नका, वापरू नका. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंध कायद्याने अनुसूचित जातीजमातीच्या माणसाला चारचौघांत जातीच्या नावाने शिवी देणं हा गुन्हा आहेच, पण कायदा नसता तरी माझं म्हणणं हेच असतं.

लिहिताना काय करायचं, तर माझ्यापुरते काही ठोकताळे आहेत. संवादात मऊ शब्द वापरा पण बोट आकाशात ठेवा, माणसावर नको. एका प्रवेशात एकच, कारण दुसऱ्या वेळेला तो आवाज होतो नि तिसऱ्या वेळेला लेखकाकडे दुसरं काही नाही हे प्रेक्षकाला कळतं. स्पेलिंग जसं कानाला येतं तसं ठेवा, 'आयला' ला उगाच 'आईला' करू नका, तसं केलं की मेलेली आई परत जिवंत होते नि शब्द परत टोचतो, एका अक्षराने होतं हे. मालवणीत लिहीत असाल तर 'आवशीचो घो' घाटावरच्या मित्राला पाठवून बघू नका, त्याला तो गोड लागणारच, वाडीतल्या बाईला वाचून दाखवा. आणि फुल्या मारू नका. फुल्यांनी शब्द लपत नाही, उलट वाचणारा स्वतःच्या मनाने त्याहून घाण शब्द भरतो.

चुकलात तर शब्दाची व्युत्पत्ती सांगत बसू नका, "तसा अर्थ नाय गो आता त्याचो" हे तर अजिबातच नको. मी त्या संध्याकाळी तेच म्हणणार होतो, जिभेवर आलं होतं. न बोलता आडाळा पुढे ओढला, उरलेलं खोबरं खवलं, आणि म्हटलं, "काकी, चुकलंय." ती म्हणाली, "बारीक खव, मोदकाक होया."

'रांडेच्या' च्या पानावर मी 'चलात' खोडलंय. दर वर्षी चतुर्थीनंतर सगळी पानं परत चाळतो, कारण शब्द हलत राहतात नि पाच वर्षांपूर्वीची नोंद आज खरी असेलच असं नाही. ह्या वर्षी 'मेल्या' च्या पानावर एक नोंद वाढली: "काकी, मला. दारात, मी बोटीवरून उशिरा आलो तेव्हा. जेवण वाढलं."